वजन घटवण्याची हमी आणि नोंदणी क्रमांक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत वजन घटवण्याची हमी देणारे फलक जागोजागी दिसतात, आणि व्यायामशाळा, आहार सल्ला व दवाखाना एकाच पाटीखाली चालवणारी केंद्रेही आता वाढू लागली आहेत. वजन वर्षानुवर्षे सांभाळावे लागते, त्यामुळे घराजवळची सेवा निवडणे मला योग्यच वाटते. मात्र ती निवड ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांवरून होते, याची फार काळजी वाटते.

भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन किती, हे दाखवणारा निर्देशांक) 23 पासून जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा मानला जातो. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरहून अधिक पोटाचा घेर हाही धोक्याचा इशारा असतो. परंतु वजन वाढण्यामागे थायरॉइडची कमतरता, पीसीओएस (स्त्रियांमधील संप्रेरकांच्या असंतुलनाचा विकार) किंवा चालू असलेले स्टिरॉइडसारखे औषधही असू शकते, आणि ते केवळ वजनकाट्यावर उभे करून कळत नाही. म्हणून पॅकेजचे पैसे भरण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब व साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते, तिचा लाभ आपल्यातले फार थोडे जण घेतात.

वजन घटवण्याच्या इंजेक्शनांबाबत तर अधिकच सावध राहायला हवे. ‘माउंजारो’ मार्च 2025 मध्ये आणि ‘वेगोव्ही’ जून 2025 मध्ये भारतात आले. ही औषधे गुणकारी आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यांनी मळमळ, उलट्या होऊ शकतात, चरबीबरोबर स्नायूही घटतात आणि औषध थांबवल्यावर वजन पुन्हा वाढू शकते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, एखाद्या प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून ती घेणे घातक आहे.

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येते. आयुर्वेद व होमिओपॅथीसाठी स्वतंत्र परिषदा आहेत. आहारतज्ज्ञाला पदवी कोठून घेतली, हे विचारण्यात संकोच कसला? सल्ला देणाराच पावडरचे डबे विकत असेल, तर त्याचा सल्ला कितपत निःपक्ष आहे याचाही विचार व्हावा. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास 1954 च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे, तरीही तसे दावे सर्रास छापले जातात. व्यायामशाळेचे वार्षिक शुल्क भरताना व्यायामशाळा मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्यावे, आणि फसवणूक झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

आपल्या दैनिकाने अशा जाहिराती स्वीकारताना संबंधित डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक छापणे सक्तीचे करावे आणि दैनिकासोबत घरोघरी येणाऱ्या पत्रकांनाही हाच नियम लावावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा