ॲव्हरेजच्या आकड्यामागची फुली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या अंकात नव्या गाडीची पानभर जाहिरात होती. मायलेजचा आकडा ठसठशीत, त्याच्या डोक्यावर बारीक फुली आणि तळाशी भिंगाशिवाय न दिसणारी ओळ : प्रमाणित चाचणीनुसार. त्या फुलीबद्दलच हे पत्र.

आठ महिन्यांपूर्वी आम्ही पेट्रोलची छोटी गाडी घेतली. कागदावर लिटरला २२.४ किलोमीटर. बँकेत ३१ वर्षं काढल्यामुळे वही ठेवायची खोड जात नाही. नोझल पहिल्यांदा खट्ट झालं की थांबायचं, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच. अशा ११ टाक्यांची सरासरी आली १४.१. डॅशबोर्डवरचा पडदा मात्र साडेपंधरा सांगतो. शोरूममधला मुलगा आधी म्हणाला, "काका, पहिली सर्व्हिसिंग होऊ द्या." दुसरीनंतर म्हणाला, "चालवणाऱ्याचा पाय जड असेल." चालवते आमची सून, आणि कोथरूड ते हडपसर पाय जड करायला रस्ता मोकळा मिळायला तर हवा!

सोसायटीत सगळे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर खापर फोडतात. ते थोडं खरं आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्क्यांचा फटका बसतो. पण माझी तूट ३७ टक्के आहे. उरलेली कुठे गेली?

ती चाचणीच्या खोलीत सापडते. माझ्या गॅलरीतून एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची टेकडी दिसते. अशा संस्थांत चाचणी होते तेव्हा गाडी रस्त्यावर येतच नाही, रोलरवर उभ्या जागी पळते. समोरच्या पडद्यावर वेगाची रेघ सरकत असते आणि चालक ती अचूक गिरवतो. सगळं मिळून १,१८० सेकंद, म्हणजे वीसच मिनिटं, आणि साडेदहा किलोमीटरच्या आसपास अंतर. कमाल वेग ९०, सरासरी ताशी ३२. खोलीचं तापमान २० ते ३० अंश, एसी बंद. खड्डा नाही, चढ नाही, मध्येच आडवी येणारी रिक्षा नाही. पेट्रोल किती जळलं, हे धुरातल्या कार्बनवरून काढतात. यात लबाडी नाही. सगळ्या गाड्यांना एकच पेपर द्यायचा तर असाच द्यावा लागेल.

आमच्या सूनबाईंचा पेपर वेगळा. सोळा किलोमीटरला तासभर. नळ स्टॉप, स्वारगेट, फातिमानगर, प्रत्येक ठिकाणी उभी गाडी, चालू इंजिन, चालू एसी. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. तीच गाडी गेल्या महिन्यात साताऱ्याला नेली, खंबाटकी धरून, ताशी ८० च्या आत. वहीत १९.८ लागले. म्हणजे गाडी निर्दोष, आकडाही निर्दोष. तो आमच्या पुढ्यात ज्या तऱ्हेनं ठेवला, त्यात गोम आहे.

मुद्दा असा की, त्या वीस मिनिटांतली पहिली तेरा मिनिटं शहरी भागाची असतात. वेग पन्नासच्या वर जात नाही, थांबणं-निघणं भरपूर. पुढची जेमतेम सात मिनिटं मोकळ्या रस्त्याची, पण अर्ध्याहून जास्त अंतर त्यातच कापलं जातं. मग शहराचा आकडा वेगळा आणि रस्त्याचा वेगळा छापायला काय हरकत आहे? गाडीच्या काचेवर दोन ओळी वाढतील एवढंच. एसी चालू असतानाची तिसरी दिली तर फारच उत्तम.

तोवर एक काम आपल्या हातातलं आहे. आपल्या वाहन पुरवणीत गाडीचं परीक्षण येतं, तेव्हा कंपनीच्या पत्रकातला आकडा न छापता, टाकी फुल ते टाकी फुल मोजून, ऐन गर्दीच्या वेळी एसी लावून आलेला आकडा द्यावा. जाहिरात त्याच्या शेजारी आली तरी चालेल.

वहीची पानं हवी असल्यास झेरॉक्स पाठवतो.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
कोथरूड, पुणे