वैशे, सईबद्दल लिहायचंय

पुणे, रविवार रात्र

प्रिय वैशे,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. तू चिडली असशील, आणि चिडायचा तुला पूर्ण हक्क आहे. चीड, पण शेवटपर्यंत वाच. हे फोनवर बोलता आलं नसतं. फोनवर तू मला मधेच अडवून कलमं सांगायला लागतेस आणि माझा धागा सुटतो.

आईची शुगर आटोक्यात. माझी कंबर आहे तशीच. शुभा मजेत, तुझी आठवण काढते. झालं.

ताईची सई आमच्याकडे राहायला आलीय हे तुला माहीत आहे. तिची एक मैत्रीण आहे, नाशिकची. मला तिनं सांगितलंय, ताईला नाही. कसं सांगितलं ते ऐक. एका रात्री जेवणं झाल्यावर तिनं टीव्हीवर ‘गॅप’ लावलं, ती दोन बायकांच्या प्रेमाची थाई मालिका. पुढच्या प्रसंगात काय होणार ते मी आधीच बोलून गेले, तेव्हा ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मीच म्हटलं, “विचार, काय विचारायचंय ते.” मग शुभा कंटाळून झोपायला गेली तरी आमचं चालूच होतं. वैशे, आपल्याला कोण होतं गं असं, जेवणानंतर गप्पा मारायला? तुला मी आणि मला तू, आणि आपण दोघीही घाबरलेल्या.

म्हणून ‘गॅप’ला मी कधीच नावं ठेवणार नाही. आठवतं, २०२२ च्या नोव्हेंबरात ते सुरू झालं तेव्हा आपलं केवढं वाजलं होतं? तू म्हणालीस, थायलंडनं एकदाची दोन बायकांची आख्खी मालिका काढली आणि पहिल्याच फटक्यात एक मालकीण आणि दुसरी तिच्याच ऑफिसातली इंटर्न. मॉनची नोकरी सॅमच्या हातात, मग मॉन नाही म्हणणार कशी? मी म्हटलं, त्या दोघींतली कुणी मरत नाही, कुणाला पुरुषाच्या गळ्यात बांधून कथा संपत नाही, सॅमच्या आजीच्या एवढ्या दराऱ्यापुढेही दोघी एकमेकींच्या होतात, मला एवढं पुरे आहे. तू म्हणालीस, “तुला पुरे असेल, मला नाही.” आणि फोन ठेवलास. तुझा प्रश्न खरा होता आणि माझी भूकही खरी होती. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे आता मला सईकडे बघून रोज जाणवतं.

आता जे घडलं ते.

मागच्या आठवड्यात सई ‘प्लूटो’ बघत होती. २०२४ चं आहे, जीएमएमटीव्ही या थाई कंपनीचं. तू पाहिलेलं नाहीस, म्हणून थोडक्यात सांगते. ऊम आणि आय-ऊन जुळ्या बहिणी. ऊम अपघातानंतर कोमात आहे. तिच्या प्रेयसीशी, मेशी, नातं तोडायचं काम आय-ऊनवर येतं. ती जाते, तर मे आंधळी. आय-ऊनला तोडवत नाही. ती ऊम बनून मेच्या आयुष्यात राहते, आणि राहता राहता तिचाच जीव जडतो. नामतान नावाची नटी दोन्ही बहिणी करते आणि काय करते म्हणून सांगू! चेहरा एकच, पण खांदे वेगळे, श्वास वेगळा. शेवट सांगत नाही, तू बघ.

आई शेजारी मेथी निवडत बसली होती. तिला ती इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून सई तिला भाषांतर करून सांगते, आणि आई मधेमधे या सगळ्या मुली इतक्या बारीक का आहेत, घरी यांना कुणी जेवायला घालत नाही का, असं विचारते. पडद्यावर आय-ऊन मेच्या जवळ गेली, संगीत वाढलं, माझा स्वतःचा श्वास अडकला. आणि आई म्हणाली, “अगं पण ती पोर दुसरीलाच जवळ घेतेय ना? तिला ठाऊक तरी आहे का?”

सई म्हणाली, “आजी, प्रेम आहे तिचं.”

आई म्हणाली, “असेल. पण सांगायला नको?”

सई उठून आत गेली. रागानं गेली असं मला वाटलं. मी मागोमाग गेले, तर ती मनगट चोळत बसली होती. वैशे, तिच्या मनगटावर पिवळट पडलेला वळ होता, बोटांचा. मी विचारलं. ती हसली. म्हणाली, स्वारगेटला ती मैत्रीण तिला सोडायला आली होती. बस सुटायला वेळ होता. सई कुणाचा तरी फोन घेत होती, वर्गातल्या मुलीचा, आणि ती मैत्रीण भडकली. मनगट धरून तिला बसच्या मागच्या बाजूला ओढलं आणि मिठी मारून चुंबनं घेतली. सई म्हणत होती, इथे नको, कुणी बघेल, सोड. तिनं सोडलं नाही. हे सगळं सांगून सई मला काय म्हणाली माहितीये? “मावशी, अगदी सीनसारखं झालं गं. ती जेलस झाली की तशीच होते.”

तिच्या डोळ्यांत अभिमान होता. त्या अभिमानानं माझी झोप उडवली आहे, वळानं तेवढी नाही उडवली. वळ जाईल.

त्यानंतर हळूहळू बाकीचं बाहेर आलं. फोनचं लोकेशन दिवसरात्र चालू ठेवायचं. इन्स्टाचा पासवर्ड दोघींचा एकच. झोपताना व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही. सईनं एकदा बंद केला तर त्या मुलीनं हाताला ब्लेड लावून फोटो पाठवला. हे वाचताना तू कुठे थांबलीस ते मला माहीत आहे. मी पण तिथेच थांबले.

मृणाल.

मी हे नाव आपल्या दोघींत इतकी वर्षं घेतलं नाही, तू घेऊ नकोस म्हणालीस म्हणून. आज घेतेय, कारण मला तुझ्याशिवाय कुणाला विचारताच येणार नाही. भर मे महिन्यात तू पूर्ण बाह्यांचे कुडते घालायचीस. मेसमध्ये माझ्या शेजारी बसायच्या आधी तिच्याकडे बघायचीस. मी तुला गच्चीवर गाठून विचारलं तेव्हा तू म्हणालीस, बाई बाईवर जबरदस्ती करत नसते, ते पुरुषांचं काम. आणि मग ते दुसरं वाक्यही म्हणालीस, की मला कुणी मिळालं नाही म्हणून मी जळते. त्या वाक्याचा राग कधीच गेला, अगदी आईशप्पथ. पण पहिलं वाक्य मला आता सईच्या तोंडून ऐकू येतंय, जरा वेगळ्या शब्दांत, आणि ते मला सहन होत नाही.

मी खूप विचार केला की ही ‘सीनसारखं’ची कल्पना आली कुठून. या मुलींच्या मालिका काही हवेतून आलेल्या नाहीत. थाई टीव्हीवर त्याआधी अनेक वर्षं नायक नायिकेला थोबाडीत मारतो, पळवतो, बळजबरी करतो आणि शेवटी तिच्याशीच लग्न लागतं, अशा मालिकांची परंपराच होती. २००८ ची ‘सवान बियांग’ घे. नायक नायिकेवर बलात्कार करतो आणि पुढे तीच प्रेमकथा होते. केवढे मोठे नट, केवढं यश! २०१४ मध्ये रात्रीच्या रेल्वेत तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, तेव्हा तिथल्याच लोकांनी मालिकांमधला हा गोड केलेला बलात्कार बंद करा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. म्हणजे तिथे ही गोष्ट कुणाला कळत नव्हती असं नाही. मग बायकांच्या मालिका आल्या आणि जुन्या घरातली भांडी नव्या सुनेच्या हाती यावीत तशी ती मनगटं, त्या भिंती, ती दारू प्यायलेली रात्र, सगळं आलं. फक्त आता धरणारा हात बाईचा, नाजूक, नखं रंगवलेली. म्हणून तो हात धरतोय हे दिसतच नाही.

सगळ्या अशा नाहीत गं. मला त्या फार प्रिय आहेत, म्हणूनच इतकं लिहितेय. पण अजून एक गोष्ट मला सतावते, आणि ती तुझ्याशिवाय कुणी समजून घेणार नाही. ‘प्लूटो’त आय-ऊन ऊम असल्याचं भासवते. त्याच वर्षीच्या, त्याच कंपनीच्या ‘२३.५’ मध्ये शाळकरी ओंगसा ‘अर्थ’ नावाच्या खात्यावरून सनशी बोलते आणि सनला पलीकडे मुलगा आहे असं वाटतं. पुन्हा तेच, मी कोण आहे ते लपवून तुझं प्रेम घ्यायचं. आणि बघणाऱ्या आपण चटकन माफ करतो. का? कारण लपणं आपल्या रक्तात आहे. ताईच्या लग्नात शुभा माझी ‘रूममेट’ होती. तू कोर्टात अजून ‘लग्नाचं बघू’ म्हणून हसतेस. जगापासून लपल्याशिवाय आपण जगलोच नसतो. त्यामुळे लपणाऱ्या मुलीला पाहिलं की आपलं मन आधी तिच्या बाजूला उभं राहतं. पण जगापासून लपणं आणि जिला मिठीत घेतलंय तिच्यापासून लपणं, यात केवढं अंतर आहे! मे जिला होय म्हणते ती त्या खोलीत नाहीच. ‘प्लूटो’चं मोठेपण हे की ते खोटं त्या मालिकेतच टोचत राहतं, आय-ऊनला स्वस्थ बसू देत नाही. आणि तरी ते संगीत वाजलं की मला त्या दोघी एकत्र यायला हव्या असतात. माझ्या वयाच्या बाईला हे होतं, तर एकवीस वर्षांच्या सईला काय होत असेल?

आता तुझ्या प्रांतात येते. मी शोधून वाचलं, चुकत असेल तर सांग. आपल्या नव्या न्यायसंहितेत बलात्काराच्या कलम ६३ मध्ये करणारा पुरुषच. नवऱ्याला तर तिथे अजून सूट. थायलंडनं २००७ मध्येच नवऱ्याची सूट काढली आणि करणारा कुणीही असू शकतो हेही मान्य केलं. जानेवारी २०२५ पासून तिथे दोन बायकांना लग्नही करता येतं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं तसं लग्न नाकारलं, त्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर तू मला रात्री फोन करून फक्त रडलीस, ते आठवतं. विनयभंगाच्या कलम ७४ मध्ये करणारी बाईही येते असं मला वाटतं. पण मला सईला पोलिसात न्यायचं नाहीये. कुठल्या तोंडानं नेऊ? चौकीतला माणूस पहिला फोन ताईला करेल.

तीच तर खरी अडचण आहे. मी या मालिकांविरुद्ध एक शब्द बोलले आणि तो ताईच्या कानावर गेला, तर ती म्हणेल, बघ, हे असलं बघूनच पोरगी बिघडली. टीव्ही बंद, फोन बंद, सई सातारला परत, दोन महिन्यांत स्थळं. मी त्या मुलीविरुद्ध बोलले तर सई म्हणेल, मावशी, तू पण त्यांच्यासारखीच. शुभा म्हणते, थांब, पोरीला वेळ दे. पण थांबायचं किती? तुझ्या वेळी पावसाळा आला आणि मृणालनं तुझं हॉलतिकीट फाडलं, तेव्हा कुठे तू माझ्या खोलीत झोपायला आलीस. एक वर्ष गेलं तुझं.

म्हणून विचारतेय. तुझी गोष्ट मी सईला सांगू का?

नाव न घेता सांगितली तरी ती ओळखेल, तू तिला लहानपणापासून माहीत आहेस. म्हणून तुझं नाव घेऊनच सांगेन, किंवा नाहीच. किती सांगायचं ते तू ठरव. बाह्यांचं सांगू, पण हॉलतिकिटाचं नको म्हणालीस तर नको. आणि सरळ नको म्हणालीस तर विषय संपला, कारण विचारणार नाही, रुसणार नाही, दुसरी वाट शोधीन. तू स्वतः तिच्याशी बोललीस तर सगळ्यात बरं, पण ते मी मागत नाही. तुला ते पुन्हा उकरायला लावायचा मला काही अधिकार नाही.

तुझं काय? बदलीचं झालं का? काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? तू पाठवलेला सावजी मसाला आईनं चिमूटभर आमटीत टाकला आणि दुपारभर नागपूरकरांना शिव्या घातल्या. रात्री पुन्हा टाकला. अजून पाठव. आणि ती तुझ्या फोटोत कडेला उभी असलेली हिरव्या साडीतली कोण, हे पुढच्या पत्रात आलंच पाहिजे. मी फोटो मोठा करून बघितलाय.

सईची मैत्रीण शनिवारी जेवायला येणार आहे. आईनं थालीपिठं करायचं ठरवलंय, तिच्या दृष्टीनं सईची नाशिकची मैत्रीण येतेय, बास. मी त्या मुलीला नीट बघणार आहे. तीही कुणाची तरी लेक आहे, तिलाही कुणी काही शिकवलेलं नसणार, हे मी स्वतःला बजावते आहे. पण शुक्रवारपर्यंत तुझं काय ते कळव, म्हणजे ती यायच्या आधी मला सईशी बोलता येईल.

तुझी,
मेधा