‘अप्रस्तुत’ हा शेरा अजून पुसलेला नाही

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतील मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमावरचा लेख वाचला. संध्याकाळीच लिहायला बसणार होते. पण रागाच्या भरात लिहिलेली पत्रे आपण छापत नाही असा अनुभव आहे, म्हणून एक रात्र मध्ये जाऊ दिली. राग फारसा उतरलेला नाही.

अनुभव, अर्थ, जगणे असल्या गोष्टींत पदवीच्या मुलांची उमेदीची वर्षे वाया जातात, असे लेखकमहाशयांचे म्हणणे. ज्यांना त्याची हौस असेल त्यांनी साहित्याच्या वर्गात जाऊन बसावे आणि मानसशास्त्र मोजणाऱ्यांसाठी सोडावे. साहित्यवाल्यांचा असा उद्धार झाल्याबद्दल त्यांनी आपले वेगळे पत्र लिहावे. मी माझ्यापुरते सांगते.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला स्मरणाचे प्रात्यक्षिक होते. एका कार्डावर एक, असे १२ निरर्थक शब्द. मी प्रयोगकर्ती, वर्गातली मैत्रीण प्रयुक्त, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती. यादीची सुरुवात आणि शेवट चांगला लक्षात राहतो, मधला भाग घसरतो, हे आम्हाला तोंडपाठ होते. हिची गाडी मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या शब्दाशीच अडायची आणि पुढचे तीन-चार शब्द तिने जणू पाहिलेलेच नसायचे. फेरीमागून फेरी तेच. आलेख असा निघाला, की पुस्तकातल्या वक्राशी त्याची ओळखदेखील नसावी.

प्रयोग संपल्यावर प्रयुक्ताचे निवेदन लिहून घ्यायचे असते. जर्नलमध्ये त्याला चार ओळींची जागा, आणि त्या चार ओळी बहुतेक जण एकमेकांच्या जर्नलमधून उतरवतात : ‘सुरुवातीला थोडे दडपण आले, नंतर प्रयोग मजेशीर वाटला.’ हिने मात्र खरे काय ते सांगितले. धाकटा भाऊ बोबडे बोलायचा तेव्हा तिला जवळजवळ त्याच अक्षरांनी हाक मारायचा. तो आता घरात नव्हता. कार्ड आले की तीच हाक ऐकू यायची आणि पुढची कार्डे डोळ्यांसमोरून नुसती सरकत जायची.

मी ते तसेच लिहिले. जर्नल परत आले तेव्हा त्या ओळींवर लाल शाईची रेघ आणि शेजारी शेरा : ‘अप्रस्तुत. दुसरा प्रयुक्त घ्यावा.’ घेतला. आलेख देखणा आला, गुणही आले. त्याहून वाईट म्हणजे, तू माझे प्रात्यक्षिक बिघडवलेस असे मी तिला हसत हसत म्हणाले. भाऊ घरात का नव्हता, हे विचारलेच नाही. जर्नलमध्ये त्याचा रकाना नव्हता ना!

गंमत अशी, की निरर्थक शब्दांची ही युक्ती ज्याने काढली त्या हेर्मान एबिंगहाउसने १८८५ च्या आपल्या ग्रंथात स्वतःच नोंदवून ठेवले आहे, की हे शब्द वाटले होते तितके एकसारखे नाहीत. काही फार लवकर पाठ होतात, काही होता होत नाहीत. आणि त्याचा प्रयुक्त कोण? तो स्वतः, एकटाच. आमच्या परीक्षकांच्या हाती सापडला असता तर त्यालाही ‘दुसरा प्रयुक्त घ्यावा’ असाच शेरा मिळाला असता.

लेखकमहाशयांना हा वाद कालपरवाच्या फॅशनचा वाटतो. निसर्गाचे स्पष्टीकरण देता येते, मनोव्यापार समजून घ्यावे लागतात, असे जर्मन तत्त्वज्ञ विल्हेल्म डिल्थायने १८९४ साली मांडले आणि त्यावर खरमरीत उत्तर लिहिले ते याच एबिंगहाउसने. दोन्ही बाजूंना तेव्हाही डोकी होती. मुलांना हे भांडण निदान भांडण म्हणून तरी शिकवाल की नाही? एक पक्ष जिंकला असे परस्पर जाहीर करायचे आणि दुसऱ्याला साहित्याच्या वर्गात पाठवायचे, यात विज्ञान कुठले?

मानसशास्त्राची पहिली मानली जाणारी १८७९ ची लाइपझिगची प्रयोगशाळाही लेखात आली आहे. ती आल्याशिवाय असा लेख पुरा होतच नाही. पण ती काढणाऱ्या विल्हेल्म वुंटचेच मत होते, की भाषा, मिथके, रूढी यांत घडणारे विचार प्रयोगशाळेत पकडता येत नाहीत. त्यावर त्याने १९०० ते १९२० अशी वीस वर्षे घालवून दहा खंड लिहिले. अर्धाच वुंट शिकवायचा असेल तर तसे अभ्यासक्रमात छापा.

मला संख्याशास्त्राचा राग नाही. समुपदेशनाच्या कामात प्रश्नावल्या मीही वापरते आणि त्यातले आकडे गांभीर्याने घेते. पण मोजले म्हणजे पक्के झाले, हा सूर पटत नाही. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सहज सोडून देता येणार नाही असा, निष्कर्ष मिळाला. मूळ अभ्यासांत हेच प्रमाण ९७ टक्के होते.

उलट बाजूलाही आळशी लोक आहेत, हे मान्य. मानव्यविद्या म्हणून मानसशास्त्र शिकणे म्हणजे ‘मला काय वाटते’ यावर चार पाने खरडणे, असा समज असलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, शिक्षकही. पण मानसशास्त्रज्ञ अमेदेओ जॉर्जी यांनी अमेरिकेतल्या ड्यूकेन विद्यापीठात १९७० च्या सुमारास जी पद्धत बसवायला घेतली, ती करून पाहा म्हणावे. माणसाने आपल्या अनुभवाचे केलेले वर्णन आधी अखंड वाचायचे. आपली गृहीतके बाजूला ठेवायची. मग जिथे जिथे अर्थ वळण घेतो तिथे खूण करायची, आणि एवढे झाल्यावरच आपली शास्त्रीय भाषा त्याला लावायची. सगळ्यांत कठीण जाते ती पहिली पायरी, गप्प बसून वाचण्याची. विसाव्या वर्षी ही सवय लागली नाही तर पुढे लागत नाही. माझ्यापुरते बोलायचे तर मला ती फार उशिरा लागली, आणि पदवीच्या कुठल्याच तासाला नाही.

जाता जाता एक. ज्या पुरवणीच्या पान दोनवर अशास्त्रीयतेबद्दल आम्हाला फैलावर घेतले आहे, तिच्याच पान सातवर ‘दहा प्रश्नांत ओळखा तुमचे व्यक्तिमत्त्व’ हे सदर असते. काल मी उत्तरे भरली. मी ‘शांत, समजूतदार, लवकर न चिडणारी’ निघाले. मोजमाप चोख आहे म्हणायचे! शिवाय प्रत्येक वेळी कवटीत दातेरी चाके फिरतानाचे तेच चित्र किती वर्षे छापणार?

पत्र लांबले आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली तर डिल्थाय कापा, वुंटही कापा, माझी हरकत नाही. मैत्रिणीचा परिच्छेद तेवढा राहू द्या. तो एकदा कापून झाला आहे.

आपली,
एक नियमित वाचक