गाडी जड का चालते?

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गाडी निघताना छान पळते, थोडं अंतर गेल्यावर कुणी मागून बंपर धरून ठेवल्यासारखी जड होते आणि जरा वेळ उभी केली की पुन्हा मोकळी. आणि एवढ्यावरून तू क्लच प्लेट बदलायला निघालास! जरा थांब. क्लच घसरत असता तर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढला असता आणि वेग जागच्या जागी राहिला असता. तसलं काही तू लिहिलेलं नाहीस. एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर, चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांनीही गाडीचा दम जातो, पण ते सगळं इंजिनाच्या बाजूचं. इंजिन कमी ओढतंय की चाकं अडकताहेत, हे ठरल्याशिवाय काही उघडू नकोस.

ते ठरवायला गॅरेजची गरज नाही. मोकळा, सपाट रस्ता बघ, मागेपुढे कुणी नाही अशी वेळ गाठ आणि बेताच्या वेगात गाडी न्यूट्रलला टाक. इंजिन मात्र चालूच ठेव, नाहीतर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतील. गाडी आरामात घरंगळत गेली तर चाकं निर्दोष. ब्रेकला पाय न लावता ती लवकर दबून थांबली तर चाकं अडकताहेत, म्हणजे बहुधा ब्रेक पूर्ण सुटत नाही. उलट्या दिशेनंही एकदा करून बघ, कारण डोळ्यांना सपाट दिसणारा रस्ता बऱ्याचदा सपाट नसतो. टायरची हवा आधीच तपासून घे, गाडी थंड असताना, दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे. टायर बसलेले असले तरी गाडी अशीच जड लागते.

मग गाडी जड होईपर्यंत चालव, शक्यतो ब्रेक न लावता थांबव आणि चारही चाकांजवळ हात ने. हात जवळ न्यायचा, टेकवायचा नाही. अडकलेल्या ब्रेकची डिस्क कातडी सोलून काढेल इतकी तापते. एकच चाक भट्टीसारखं तापलेलं असलं की चोर सापडला. पुढचं एक चाक अडकलं तर गाडी त्याच बाजूला ओढते. दोन्ही मागची तापली तर आधी हँडब्रेकची केबल आणि ड्रममधले लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) बघ. मागच्या डिस्कला इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर जोर लावून पिस्टन ढकलू नकोस, आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकावं लागतं. तापलेल्या डिस्कवर पाणीही ओतू नकोस.

चाक कळलं की खरी गंमत सुरू होते. चाकांना अडण लाव, जॅकवर गाडी उचल, खाली स्टँड दे (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, हे तुला सांगायला नकोच) आणि चाक हातानं फिरव. पॅड (डिस्कला दाबून धरणारी ब्रेकची पट्टी) जरासा घासल्याचा आवाज चालतो, पण चाक अडून बसता कामा नये. पुढच्या चाकाला गिअरबॉक्सचं थोडं ओझं असतं, तेही लक्षात ठेव. चाक घट्ट असतानाच कॅलिपरचं, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्याचं, ब्लीडिंग निपल (ऑइल आणि हवा सोडायचा छोटा स्क्रू) किंचित सैल कर. डोळ्यांना चष्मा लाव. चर्रकन ऑइल सुटून चाक मोकळं झालं, तर ब्रेक ऑइलचा दाब आत अडकून राहतोय. चाक तसंच घट्ट राहिलं तर दोष कॅलिपरचाच: गंजलेला पिस्टन, नाहीतर सुकलेल्या स्लाइड पिना, ज्यांवर कॅलिपर सरकतो.

दाब अडकलाय असं निघालं तर प्रश्न एक पायरी मागे जातो. एकच चाक अडकत असेल तर कॅलिपरला ऑइल नेणारा रबरी होज (नळी) बघायचा. तो बाहेरून नवाकोरा दिसतो, पण आतून फुगून झडप बनतो: पायाच्या जोरानं ऑइल पुढे जातं, परत येताना अडतं. खात्री करायला पुन्हा चाक अडकव आणि या वेळी होजच्या वरच्या टोकाचा लोखंडी पाइप सैल कर. तरीही चाक घट्टच राहिलं तर होज दोषी. पण दोन्ही पुढची, किंवा चारही एकदम अडकत असतील, तर मला मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाचा, संशय येतो. पेडल सोडल्यावर ऑइल टाकीत परतायला त्यात एक बारीकसं छिद्र असतं. कचऱ्यानं ते बंद झालं, किंवा पुशरॉड (पिस्टन ढकलणारा दांडा) लांब बसवल्यानं त्यातला पिस्टन पूर्ण मागे आला नाही, तर चालवता चालवता तापून फुगलेलं ऑइल जाणार कुठे? ते पॅडच दाबतं. पॅड घासतात, ऑइल आणखी तापतं, आणखी फुगतं. पेडल दगडासारखं वर येतं. थंड झालं की सगळं सुटतं. तुझ्या तक्रारीशी हे तंतोतंत जुळतं, म्हणून पेडलचा फ्री प्ले, म्हणजे जोर लागण्याआधीची मोकळी हालचाल, आधी बघ. ब्रेकची दुरुस्ती नुकतीच झाली असेल तर मला नक्की कळव.

दुरुस्तीचं थोडक्यात. पिना साफ करून फक्त ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लाव. साधं ग्रीस रबर फुगवतं आणि पुन्हा पहिले पाढे. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर नुसती नव्या रबरी सीलची किट घालून भागत नाही, कॅलिपरच बदल. होज आणि पॅड जोडीनं बदल, एका बाजूचे नवे अन् दुसरे जुने ठेवू नकोस. कॅलिपर उतरवला की होजवर लटकू देऊ नकोस, तारेनं बांध. शेवटी ताजं डॉट ४ किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असेल ते ऑइल घालून हवा काढ. जुनं ऑइल हवेतलं पाणी पितं: डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशाला उकळतं, पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत येऊ शकतं. म्हणूनच मला काळजी आहे. अडकलेला ब्रेक ऑइल उकळवतो, वाफ होते आणि पेडल खाली जातं. दुरुस्त होईपर्यंत घाटात किंवा हायवेवर जाऊ नकोस.

जोडणी झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा, हे विसरशील म्हणून लिहितो. कुठलं चाक तापलं आणि निपल सैल केल्यावर काय झालं, तेवढं मला कळव. क्लच प्लेटचं काय करायचं ते त्यानंतर बघू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल