फ्री काउन्सेलिंगचे पैसे कोण भरतं?

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशी शिक्षणावर अख्खं पान आलं होतं ते वाचलं. वर लेख, खाली एज्युकेशन फेअरची जाहिरात, आणि लेख लिहिणारे साहेब त्याच फेअरवाल्या कन्सल्टन्सीचे डायरेक्टर! म्हणून हे पत्र. मी पुण्यात मेकॅनिकलच्या लास्ट इयरला आहे, गाव सांगलीकडचं, आणि आमच्या वर्गात सध्या ज्याला त्याला एमएसला जर्मनीला जायचंय त्यामुळे हा विषय रोजच चालू असतो.

डेक्कनजवळच्या एका कन्सल्टंटकडे मी आणि माझा रूममेट गेलो होतो. काउन्सेलिंग फ्री, चहा पण फ्री. मॅडमनी मार्कशीट बघितली न बघितली आणि युनिव्हर्सिटींच्या लिस्टची प्रिंट हातात ठेवली, सगळ्या प्रायव्हेट, फी वर्षाला दहा-बारा हजार युरोच्या घरात. मी म्हटलं, मॅडम यात आखेन नाही, ड्रेस्डेन नाही, सरकारी एकपण कशी नाही? तर म्हणे "तुमच्या प्रोफाइलला तिथे अवघड आहे, रिस्क कशाला घेता." गोम अशी आहे की तिकडच्या सरकारी युनिव्हर्सिटी सहसा एजंटला कमिशन देत नाहीत आणि प्रायव्हेटवाल्या देतात, मग फ्री काउन्सेलिंगचा खर्च कुठून निघतो ते वेगळं सांगायला नको. धंदा आहे, करोत बापडे, पण मग त्याला 'मार्गदर्शन' म्हणून छापू नका ना.

आता ते प्रोफाइलचं बघा. आपल्या मार्कांचा जर्मन ग्रेड काढायचा फॉर्म्युला नेटवर कुणालाही मिळतो, जास्तीत जास्त मार्कांतून आपले वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त वजा पासिंगने भागायचं, गुणिले 3 आणि त्यात 1 मिळवायचा. 10 पैकी 8 सीजीपीए आणि पासिंग 4 धरलं तर येतो 2.0. तिकडे आकडा कमी तितका चांगला, आणि बऱ्याच मास्टर्सना 2.5 पर्यंत चालतो. मग आठवाला पोरगा अवघड कसा काय झाला? खरी अडचण निराळीच असते. तुम्ही बीईला नक्की काय शिकलात ते तिथे बघतात, मॅथ्सचे क्रेडिट किती, मेकॅनिक्सचे किती, थर्मोचे किती. त्यासाठी आपला सिलॅबस आणि त्या कोर्सचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे त्यांचा विषयवार सिलॅबस, शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायचं, हँडबुकची पीडीएफ युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर बहुतेक वेळा असतेच. माझ्या रूममेटला ऑटोमोटिव्हचा एक कोर्स नावावरूनच आवडला होता, हँडबुक उघडलं तर निम्मे विषय कंट्रोल सिस्टीम आणि प्रोग्रामिंगचे, आणि याचा सगळा जीव मशीन डिझाइनमध्ये. नावावर भुलून गेला असता तर दोन वर्षं बोंबलत बसला असता. कन्सल्टंटच्या तोंडून हँडबुक हा शब्दसुद्धा निघाला नाही, फक्त रँकिंग रँकिंग.

आणि सरकारी म्हणजे फुकट असंही नाही बरं का, ते पण लेखात अर्धवटच लिहिलंय. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या मुलांना 2017 पासून सेमिस्टरला 1500 युरो फी आहे, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने 2024 च्या विंटरपासून मास्टर्सला सेमिस्टरला 4000 ते 6000 लावलीय. बाकी ठिकाणी फी नसली तरी सेमिस्टरची वर्गणी असतेच. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, ते आपलेच असतात आणि महिन्याला 992 असे परत मिळतात, पण आधी एकरकमी उभे करायचे म्हणजे दहा लाखांच्या वर गेले, शेती असलेल्या घरात ते काय चेष्टा आहे का. शिवाय 2022 च्या नोव्हेंबरपासून आपल्याला एपीएस सर्टिफिकेट (आपली मार्कशीट-डिग्री खरी असल्याचा दाखला) कंपल्सरी झालंय त्याचे 18,000 रुपये वेगळे. हे आकडे घरच्यांना आधी कळले तर लोन किती, जमीन तारण ठेवायची का नाही यावर नीट बोलणं तरी होतं, नाहीतर बाबांना शेवटच्या महिन्यात बँकेत पळावं लागतं.

भाषेचं पण तेच. कोर्स इंग्लिशमध्ये आहे म्हणून जर्मनची गरज नाही असं सर्रास सांगतात. कोर्सला नसेल, पण पार्टटाइम जॉब, इंटर्नशिप, नंतरची नोकरी यात बी-1, बी-2 वाल्याला, म्हणजे जर्मनच्या मधल्या लेव्हलपर्यंत शिकलेल्याला, पहिलं घेतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्स म्युलर भवन आहे, सेकंड इयरपासून लागलं तर आरामात होतं, लास्ट इयरला प्रोजेक्ट आणि प्लेसमेंटच्या गडबडीत कुठलं व्हायला.

कोर्स शोधायला डाडचा (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम करणारी जर्मन संस्था) ऑनलाइन डेटाबेस आहे, फुकट आहे, भाषा, फी, डेडलाइन सगळं त्यात दिसतं. ही एक ओळ तुमच्या अख्ख्या पानात नव्हती! कन्सल्टंट घ्यायचाच असेल तर खुशाल घ्या, कागदपत्रं आणि व्हिसाच्या फॉर्मला मदत होते, त्याचे पैसे देऊन घ्या. कोर्स मात्र त्याच्या लिस्टमधून निवडू नका.

तेव्हा पुढच्या वेळी असं पान काढाल तर लेखाखाली लेखकाला कमिशन कोण देतं ते एका ओळीत छापा, आणि तिकडे सध्या शिकणाऱ्या आपल्या पोरांना लिहायला सांगा. आणि एक, विंटर सेमिस्टरच्या अर्जाची डेडलाइन 15 जुलै असं सगळे सांगतात पण बाहेरच्या मुलांसाठी कितीतरी ठिकाणी ती मार्च ते मेमध्येच संपते, त्यामुळे हे पान जूनमध्ये काढून काही उपयोग नाही, डिसेंबरात काढा.

– लास्ट इयरचा एक विद्यार्थी, पुणे