ईमेल साध्या अक्षरांत वाचू द्या

महोदय,

चवथीच्या आदल्या आठवड्यात आमच्या देवस्थान समितीच्या संगणकावरचे वर्गणीचे सगळे हिशेब एकाएकी उघडेनासे झाले. 'थकीत बिल' अशा मथळ्याचा ईमेल आला होता, सोबत झिप फाईल. ती कोणीतरी उघडली. संगणक विंडोज एक्सपीचा, ईमेलसाठी आउटलुक एक्स्प्रेस. "एवढ्या जुन्या मशीनच्या वाटेला कोण जातो?" असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. पण असे ईमेल लाखो पत्त्यांवर एकदम सोडले जातात, कोणाचे मशीन किती जुने ते कोणी बघत नाही. एक्सपीला तर मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर दुरुस्त्या देणेच बंद केले.

घरी मीही ईमेलचा जुनाच प्रोग्राम वापरत होतो, युडोरा. मुलगा मस्कतला गेला तेव्हापासूनची त्याची पत्रे त्यात आहेत, म्हणून तो सोडवत नव्हता. इतक्या वर्षांत त्यातून एकही व्हायरस शिरला नाही. पण हे श्रेय त्याच्या जुनेपणाला देणे चूक आहे. २००१ साली निम्डा नावाचा व्हायरस आला, तेव्हा आउटलुक एक्स्प्रेसमध्ये ईमेल नुसता डोळ्यांसमोर आला तरी सोबतची फाईल आपोआप चालू व्हायची, कारण ईमेल दाखवायला आत इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरचे इंजिन असे. युडोरातही ते इंजिन वापरायची सोय होती. मी ती पहिल्या दिवसापासून बंद ठेवली आणि पत्रे साध्या अक्षरांत, म्हणजे रंग-चित्रांशिवाय नुसता मजकूर, अशी वाचली. पत्तेवहीत नसलेल्या माणसाचा ईमेल आपोआप वेगळ्या पेटीत जाईल असा फिल्टर लावला होता. ती पेटी आठवड्यातून एकदा चाळायची, बस.

साध्या अक्षरांचा आणखी एक फायदा कोणी सांगत नाही. रंगीत ईमेलमध्ये बटणावर बँकेचे नाव असते आणि मागे भलताच पत्ता. साध्या मजकुरात तो भलता पत्ताच समोर दिसतो.

तरीही यंदा मी युडोरा बंद केला. त्याची शेवटची आवृत्ती, ७.१, २००६ ची. त्यानंतर सापडलेली सुरक्षेतली भोके कोण बुजवणार? थंडरबर्ड हा ईमेलचा दुसरा प्रोग्राम घेतला. त्याच्या 'व्ह्यू' मेनूत ईमेल साध्या मजकुरात दाखवायची सोय आहे, नको असलेला कचरा ओळखायला तो आपण शिकवू तसा शिकतो, आणि दुरुस्त्याही येत राहतात. समितीच्या नव्या संगणकावरही तोच बसवला आहे.

अडचण उरते ती पाठवणाऱ्यांची. माझ्या बँकेचा ईमेल साध्या अक्षरांत उघडला की निम्मा कोरा दिसतो, कारण रक्कम आणि तारीख चित्रात असते. मग वाचायचे असेल तर चित्रे चालू करा, बटण दाबा. ज्या सवयीपासून लोकांनी दूर राहायचे, तीच आपण लावतो आहोत. गोव्यातल्या बँका, पतसंस्था, पंचायती आणि वीज व पाणी खात्यांना माझी कळकळीची विनंती आहे: बिलाची रक्कम, तारीख आणि ग्राहक क्रमांक ईमेलच्या मजकुरातच लिहा.

— एक ज्येष्ठ वाचक, फोंडा