रविवारची सहल : सोमेश्वर धबधबा आणि अंजनेरी

परसबाग गटातील सर्व सभासदांना,

येत्या रविवारी सकाळी ठीक साडेसहाला नाशिकच्या सोमेश्वर मंदिराजवळ जमायचे आहे. धबधबा पाहून तिथूनच अंजनेरीच्या डोंगरावर. सोनकी, तेरडा बहरात आहेत. नशीब असेल तर कंदीलपुष्पही दिसेल. त्यातली 'सेरोपेजिया अंजनेरिका' ही जात याच डोंगरावरची. त्यामुळे फुले तोडायची नाहीत, फोटोसाठी गवतात लोळायचेही नाही.

- गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की सोमेश्वरला पाणी झपाट्याने चढते. खडकांवर कोणीही उतरू नये. विसर्ग जास्त असल्यास थेट अंजनेरी.
- डब्यासोबत घरचे पेरू, पपई, पहिली सीताफळे आणा. डागाळलेली चालतील, बाजारातली नकोत!
- साली-बिया आपापल्या पिशवीत परत. माकडांपासून पिशव्या सांभाळा.

नावे शुक्रवारपर्यंत गटावर कळवा.